कोकणातल्या रानावर डुकराची पिल्लं: झटक्याची तार, जमिनीचे तुकडे आणि जागा बदलण्याची पद्धत

सिंधुदुर्गात आणि गोव्यात डुकरं पाळायच्या दोनच तऱ्हा बहुतेकांच्या पाहण्यात असतात. एक, कोब्यावर कोंडलेली डुकरं. दुसरी, गावभर मोकाट फिरणारी. या लेखात तिसरी तऱ्हा मांडतो आहे. तीन-चार पिल्लं झटक्याच्या तारेच्या, म्हणजे विजेचा क्षणिक धक्का देणाऱ्या कुंपणाच्या आत, जमिनीच्या एका तुकड्यावर सोडायची आणि तो तुकडा बिघडायच्या आत पुढच्या तुकड्यावर न्यायची. सगळी मेहनत आणि सगळं यश या नेण्यात आहे. खाद्य कोणीही टाकू शकतो. पण आज हलवायचं की परवा, हे जमिनीकडे बघून ज्याला कळतं त्याची डुकरं निरोगी राहतात आणि बागही शाबूत राहते.

मोकाट डुकरांच्या बाबतीत एक गोष्ट आधीच सांगतो, कारण ती माणसाच्या जिवाशी निगडित आहे. माणसाची विष्ठा खाणाऱ्या डुकराच्या मांसात पट्टकृमीच्या अळ्या वाढतात. ते मांस कच्चं राहिलं की माणसाच्या पोटात पट्टकृमी होतो. त्या माणसाच्या विष्ठेतली अंडी हाताला किंवा भाजीला लागून पोटात गेली, की अळ्या मेंदूपर्यंत पोचतात आणि फिट येऊ लागतात. म्हणून उघड्यावर शौचाला बसतात अशी जागा आपल्या तुकड्यात किंवा जवळपास असता कामा नये. यात तडजोड नाही.

वर्षाचं गणित

आपल्याकडे चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्या पावसात उतारावर डुकरं ठेवली की उकरलेली माती सरळ व्हाळात (ओढ्यात) जाते. त्यामुळे कोकणात ही पद्धत ऑक्टोबर ते मे अशीच चालवावी, असं माझं स्पष्ट मत आहे. सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरात आठ आठवड्यांची पिल्लं आणायची, जमीन आवळली की रानावर काढायची आणि मेअखेरीपर्यंत विकायची. तोवर ती नऊ-दहा महिन्यांची होतात. चांगल्या संकरित जातीची असतील आणि खाद्य नीट असेल तर ७० ते ९० किलो भरतात. ईस्टरनंतर मे महिन्यापर्यंत गोव्यात लग्नांचा हंगाम असतो, तेव्हा गिऱ्हाईक शोधावं लागत नाही. नाताळसाठी डुकरं तयार हवी असतील तर पिल्लं एप्रिल-मेमध्ये घ्यावी लागतात आणि पावसाळा शेडमध्ये काढावा लागतो. तो खर्च आणि कष्ट आधी मोजून ठेवा.

जागा किती लागेल? चार पिल्लांना बारा-तेरा गुंठे पुरतात. प्रत्येकी एक गुंठ्याचे बारा तुकडे पाडा. उरलेल्या जागेत शेड आणि वाट येते. काजूची किंवा आंब्याची मोठी झाडं असलेलं रान उत्तम. सावली फुकट मिळते आणि मोठ्या खोडांना धक्का लागत नाही. पाच वर्षांखालची कलमं असतील तिथे डुकरं नकोत, ती साल ओरबाडतात. कुळागरातही (माड-पोफळीच्या बागेतही) नकोत. तिथली ओल, पाट आणि पाइप यांची एका दिवसात वाट लागते. भात कापलेला मळा चालतो, मात्र मेरेपासून (शेताच्या बांधापासून) तार दोन हात आत घ्या, कारण मेर उकरायला डुकराला फार आवडतं.

शेजाऱ्यांना आधी विचारा. काही घरांना डुकरं चालत नाहीत, काहींना वासाची भीती असते. बोलून केलेलं काम पुढे सोपं जातं. ग्रामपंचायतीतही चौकशी करून ठेवा.

पिल्लं निवडताना

एकटं पिल्लू कधी आणू नका. एकटं पिल्लू खात नाही, ओरडत राहतं आणि तारेला जुमानत नाही. किमान दोन, शक्यतो चार, आणि एकाच आईची असली तर मारामारीही होत नाही.

मोकळ्या रानासाठी काळी किंवा गडद रंगाची जात बरी. पांढऱ्या यॉर्कशायरची कातडी मार्चच्या उन्हात भाजते. गोव्याची स्वतःची अगोंदा गोवन ही नोंदणीकृत देशी जात आहे: लहान चणीची, काटक, पण वाढीला हळू. जुन्या गोव्याजवळ एला इथली केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्था या जातीवर आणि तिच्या संकरावर काम करते, तिथे चौकशी करावी. घरच्यापुरतं ठेवायचं असेल तर देशी, विकायचं असेल तर संकरित, असा माझा साधा हिशोब आहे.

पिल्लू १० ते १५ किलोचं, डोळे स्वच्छ, शेपटीखालचा भाग कोरडा, चालताना चारही पायांवर सारखा भार. तिसऱ्या दिवशी लोहाचं इंजेक्शन दिलं होतं का, नर असेल तर पहिल्या दोन आठवड्यांत खच्ची केलं होतं का, जंताचं औषध आणि क्लासिकल स्वाइन फिव्हरची लस झाली का, हे विचारून लिहून घ्या. लस बाकी असेल तर आपल्या पशुवैद्यकाकडून वेळेवर टोचून घ्या. आईला डोळ्यांनी बघा. जिथे आई दाखवत नाहीत तिथून पिल्लू घेऊ नका आणि आठवडी बाजारातून तर मुळीच नको, तिथे दहा ठिकाणचे रोग एकत्र येतात.

पिल्लं आणायची ती पहाटे किंवा सूर्य मावळल्यावर. पोत्यात घालून आणण्याची पद्धत सोडून द्या. डुकराला घाम जवळजवळ येत नाही, त्यामुळे बंद पोत्यात पिल्लू उष्म्याने मरतं. पेंढा घातलेला हवेशीर पिंजरा वापरा. जनावरांच्या वाहतुकीचे १९७८ चे नियम डुकरांनाही लागू आहेत, म्हणून पशुवैद्यकाचा दाखला बरोबर ठेवा. विकणाऱ्याकडून आठवडाभराचं त्याचंच खाद्य मागून घ्या आणि आपलं खाद्य त्यात हळूहळू मिसळा. एकदम बदललं की हगवण लागते.

तार शिकवण्याचा आठवडा

हा आठवडा टाळून पिल्लं थेट रानावर सोडणारे लोक नंतर रात्री बॅटरी घेऊन डुकरं शोधत असतात. झटका माहीत नसलेलं पिल्लू तारेला नाक लागलं की दचकून पुढे उडी मारतं, म्हणजेच तारेच्या पलीकडे जातं. त्याला मागे फिरायला शिकवावं लागतं.

त्यासाठी साधारण दहा बाय बारा फुटांची भक्कम जागा करा. चिऱ्याचा गडगा असेल तर सोन्याहून पिवळं, नसेल तर जाड वेल्डेड जाळी किंवा फळ्या चालतील. खालून फट नको. पहिले तीन दिवस पिल्लांना नुसतं रुळू द्या. तुम्ही दिलेलं खाद्य खायला लागली, घमेल्याचा आवाज ओळखायला लागली, की मग त्या भिंतीच्या आत एक-सव्वा फुटावर झटक्याची एक तार ओढा. उंची पिल्लाच्या नाकाएवढी, म्हणजे १५ ते २० सेंटिमीटर. तारेला पांढऱ्या कापडाच्या चिंध्या बांधा म्हणजे ती दिसेल. आता पिल्लू तारेला लागलं तरी समोर भिंत आहे. ते मागे येतं, आणि दोन-तीनदा असं झालं की चिंधीपासून हातभर लांब राहायला शिकतं. तारेला खाऊ लावून पिल्लांना ओढू नका. खाद्य आणि झटका यांची गाठ त्यांच्या डोक्यात पडली की पुढे घमेल्यामागे यायला ती कचरतात.

प्रत्येक पिल्लू एकदा तरी तारेला लागून मागे आलेलं तुम्ही पाहिलेलं असावं. मगच पुढची पायरी.

मशीनबद्दल थोडं सविस्तर. बाजारात सौर पॅनल आणि १२ व्होल्टच्या बॅटरीवरची झटका मशीन मिळतात. एवढ्याशा कुंपणाला लहान मशीन पुरतं. ती ठरावीक अंतराने क्षणभराचा झटका सोडतात, म्हणून जीव जात नाही. घरातली २३० व्होल्टची वीज थेट तारेत सोडणं हा गुन्हा आहे आणि त्याने दरवर्षी माणसं मरतात. तो विचारही मनात आणू नका.

मशीन कितीही चांगलं असलं तरी अर्थिंग कच्चं असेल तर झटका बसत नाही, आणि आपली जांभी जमीन फेब्रुवारीनंतर कोरडी ठणठणीत होते. चार फुटी तीन सळ्या, एकमेकींपासून आठ-दहा फुटांवर, शक्यतो न्हाणीच्या पाण्याची ओल पोचते अशा ठिकाणी ठोका. उन्हाळ्यात तिथे रोज बादलीभर पाणी ओता. झटका मोजायच्या टेस्टरवर ४,००० व्होल्टच्या खाली आकडा आला की तारेला गवत टेकलंय, माती चढलीय किंवा अर्थिंग सुकलंय असं समजा. माती चढणं हे नेहमीचंच. डुकरं तारेच्या काठाने उकरत जातात आणि मातीचा ढीग खालच्या तारेवर पडतो. रोज सकाळी कुंपणाला एक फेरी मारणं म्हणूनच आवश्यक.

रानावर दोन तारा ओढा: एक १५ सेंटिमीटरवर, दुसरी ३५ वर. डुकरं ४० किलोच्या पुढे गेली की २० आणि ४५. खुंट बांबूचे चालतील, पण तार बांबूला थेट बांधू नका. दवाने ओला झालेला बांबू वीज खाली सोडतो. प्लास्टिकचे इन्सुलेटर स्वस्त असतात. आणि रात्री डुकरं शेडमध्ये गेली की मशीन बंद करा, नाहीतर खालच्या तारेत खवले मांजरासारखा गरीब जीव अडकून मरतो.

तुकड्यांची मांडणी

मधोमध सहा-सात फूट रुंदीची वाट. वाटेच्या एका टोकाला रात्रीची शेड, पाण्याची टाकी आणि लोळायचं डबकं. वाटेच्या दोन्ही बाजूंना सहा-सहा तुकडे, प्रत्येकाचं तोंड वाटेवर. बाहेरच्या देशांत डुकरांचं घरही चाकांवर घालून हलवतात. आपल्याकडे बिबट्या आहे, त्यामुळे रात्री पक्क्या भिंतीच्या आणि वरून जाळी असलेल्या शेडमध्येच डुकरं असायला हवीत. शेड एकाच जागी राहिली की हलवायला फक्त तार उरते.

प्रत्येक तुकड्याच्या तोंडाशी बेडं घाला, म्हणजे आडव्या बांबूंचं साधं फाटक. याचं कारण मोलाचं आहे: जिथे झटका बसला ती रेघ डुकराच्या पक्की लक्षात राहते. तुम्ही तार काढून घेतली तरी ते त्या रेघेवरून पाय पुढे टाकत नाही. समोर पेंड ठेवा, मागून ढकला, ते ओरडेल, वळेल, पण रेघ ओलांडणार नाही. म्हणून जाण्यायेण्याच्या जागी पहिल्या दिवसापासून झटका नकोच. लाकडाचं बेडं दिसलं की इथून जाता येतं, चिंध्यांची तार दिसली की जाता येत नाही, असा फरक त्यांना आपोआप कळतो. एखाद्या वेळी तारेच्या जागेवरून न्यावंच लागलं तर तिथे पेंढ्याचा जाड थर पसरून रेघ झाका, त्यावर थोडा भरडा टाका आणि तासभर धीर धरा.

कधी हलवायचं

दिवस ठरवून हलवू नका. लहान पिल्लांना एक गुंठा पाच-सहा दिवस पुरतो. तीच डुकरं ५० किलोची झाली की दोन-तीन दिवसांत तेवढीच जमीन उलथीपालथी करतात. तेव्हा दोन तुकडे जोडून एक करा.

बघायचं ते हे: तुकड्याचा तिसरा हिस्सा उकरला गेला, की हलवा. गवत घोट्याखाली आलं, की हलवा. डुकरं शेणासाठी एक कोपरा धरतात. त्या कोपऱ्याबाहेर घाण दिसू लागली, की एक दिवस उशीर झालाय असं समजा. अवकाळी पावसाचं वातावरण असेल तर दुपारीच शेडमध्ये घ्या, कारण ओल्या जमिनीवर तासाभरात होणारं नुकसान कोरड्यावर आठवड्यात होत नाही. उकरणं थांबवायला नाकात कडी घालतात, ती मला मान्य नाही. उकरणं हा डुकराचा स्वभाव आहे, तो दुखवण्यापेक्षा तुकडा बदलावा.

यात जंतांचा हिशोबही आहे. गोलकृमीची अंडी शेणातून जमिनीवर पडली की लगेच लागत नाहीत, उबदार मातीत तयार व्हायला त्यांना तीन-चार आठवडे तरी लागतात. पाच-सहा दिवसांत आपण तिथून निघालेले असतो. पण तयार झालेली अंडी मातीत कित्येक वर्षं टिकतात, म्हणजे दोन महिन्यांनी दुसऱ्या फेरीत तुकडा हिरवा दिसला तरी तो जंतमुक्त नसतो. दुसऱ्या फेरीआधी पशुवैद्यकाला विचारून जंताचं औषध द्या आणि पुढच्या वर्षी जमलं तर रानच बदला.

औषधासाठी वजन लागतं. छातीचा घेर आणि कानांच्या मधून शेपटीच्या मुळापर्यंतची लांबी, दोन्ही मीटरमध्ये मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी गुणिले ६९.३, म्हणजे किलोतलं वजन. घेर ०.९ आणि लांबी ०.९५ असेल तर डुक्कर साधारण ५३ किलोचं.

कसं हलवायचं

सकाळी, खाद्य द्यायच्या आधी. भुकेलं डुक्कर घमेल्यामागे येतं, पोट भरलेलं येत नाही. पहिल्या दिवसापासून खाद्य देताना घमेलं तसंच वाजवा, तेच शब्द बोला.

नवा तुकडा आधी पूर्ण तयार हवा: तार ओढलेली, मशीन तपासलेलं, पाणी भरलेलं. मग जुन्या तुकड्याचं बेडं काढा आणि घमेलं वाजवत पुढे चालू लागा. मागे दुसरा माणूस तीन-चार फुटी प्लायवूडची फळी घेऊन. ती फळी मारायची नसते. डुकराला जिथून आरपार दिसत नाही तिथून ते जायचा प्रयत्न करत नाही, म्हणून फळी ही चालती भिंत असते. डुकराला दोन्ही बाजूंचं बरंच मागपर्यंत दिसतं, फक्त अगदी मागचं दिसत नाही. त्यामुळे बरोबर मागे न राहता खांद्याच्या जरा मागे, तिरकं उभं राहा. पुढे जायचं तर खांद्याच्या मागे, थांबवायचं तर खांद्याच्या पुढे. कुत्रा बांधून ठेवा. काठी नको, आरडाओरड नको, कान किंवा शेपूट धरून ओढणं तर नकोच.

डुक्कर वाटेत थबकलं तर त्याला काय दिसतंय ते शोधा. जमिनीवर पडलेली काळी सावली, पाण्याचा पाइप, मातीतून एकदम कोब्यावर येणं, वाऱ्याने हलणारी प्लास्टिकची पिशवी, एवढंही पुरतं. ती वस्तू काढा किंवा त्याला वास घेऊ द्या, मिनिटभराने ते स्वतःच निघतं. उजेडातून अंधारात जायला ते नाखूश असतं, म्हणून संध्याकाळी शेडमध्ये घेताना आत दिवा लावून ठेवा.

एखादं निसटलं तर मागे धावू नका. धावणाऱ्या माणसापुढे डुक्कर आणखी लांब पळतं आणि उष्म्याने कोसळूही शकतं. बाकीच्यांना बेडं उघडं ठेवून खायला द्या. कळपाच्या खाण्याचा आवाज ऐकून ते परत येतं.

दूरच्या रानावर टेम्पोने न्यायचं असेल तर चार दिवस आधीपासून पिंजरा वाटेत ठेवून त्यातच खाद्य द्या. नेण्याच्या दिवशी ती आपणहून चढतात. फळीचा चढ मंद हवा आणि दोन्ही बाजू बंद हव्यात.

खाणं आणि पाणी

चराईने खाद्याचा खर्च निम्मा होतो, हा गैरसमज आहे. डुकराला गाईसारखं रवंथ करणारं पोट नाही, गवतावर ते वाढत नाही. गवत, मुळं आणि किडे यांनी खाद्यात थोडी बचत होते. वाढ भरड्यावरच होते. पिल्लांसाठी शंभर किलोचं मिश्रण असं: मका ५०, तांदळाचा कोंडा २०, सोयाबीन पेंड २२, सुकी मासळी ५, खनिज मिश्रण २.५, मीठ अर्धा किलो. मासळी खारवलेली असेल तर मीठ वगळा. जास्त मीठ आणि रिकामी पाण्याची टाकी, या जोडीने डुकरं आकडी येऊन मरतात. सुरुवातीला पिल्लामागे दिवसाला अर्धा ते पाऊण किलो, २५ किलोला एक ते सव्वा, ५० किलोला दोन किलो. मोठं झाल्यावर पेंड कमी करून कोंडा वाढवा. बुरशी आलेली पेंड किंवा मका कितीही पैसे गेले तरी टाकून द्या.

फेब्रुवारी ते मे बोंडूंचा (काजूच्या फळांचा) काळ. आधी काजू बिया वेचा, मगच डुकरं सोडा, कारण बीच्या टरफलातलं तेल तोंड आणि घसा भाजतं. उकडलेल्या आठळ्या, रताळी, केळीचा गाभा चालतो. अळू आणि कणंगं (एक कंद) उकडूनच. हॉटेलातलं उष्टं मी घालत नाही. घालायचंच असेल तर अर्धा तास खळाळून उकळा. पाणी मोठ्या डुकराला उन्हाळ्यात दहा लिटरपर्यंत लागतं. पाइप उन्हात तापतो, तो मातीत पुरा.

रोगांची दक्षता

आफ्रिकन स्वाइन फिव्हर भारतात २०२० मध्ये आसाम आणि अरुणाचलात प्रथम आढळला. माणसाला तो होत नाही, पण डुक्कर वाचत नाही आणि आपल्याकडे त्यावर लस नाही. तो डुकराच्या मांसाच्या उष्ट्यातून, रानडुकरांच्या संपर्कातून, चपलांना लागलेल्या मातीतून येतो. म्हणून शेडची चप्पल वेगळी ठेवा आणि दुसऱ्याच्या डुकरांकडे जाऊन आलात तर आंघोळ करूनच आपल्याकडे जा. खूप ताप, कान आणि पोट जांभळं पडणं, अचानक मर असं दिसलं तर मेलेलं डुक्कर फेकू नका, विकू नका, जनावरांच्या सरकारी दवाखान्यात लगेच कळवा. रोग नक्की झाला तर एक किलोमीटरच्या आतली डुकरं मारली जातात आणि दहा किलोमीटरपर्यंत पाहणी होते. लपवण्याने शेजाऱ्यांचीही डुकरं जातात.

स्वतःची काळजी: ओल्या जागी गमबूट, कारण लेप्टोस्पायरोसिस हा ताप उंदरांच्या आणि जनावरांच्या मुतातून पसरतो. दोडामार्ग, बांदा आणि सत्तरीच्या काजूबागांत गोचिडांमुळे माकडताप होतो, तिथे पूर्ण अंगभर कपडे घाला आणि घरी येताच अंग तपासा. लोळायच्या डबक्यातलं पाणी चार-पाच दिवसांनी उपसा, नाहीतर त्यात डास वाढतात.

डुकरं गेल्यावरची जमीन

निघायच्या आदल्या संध्याकाळी तुकड्यावर चवळी किंवा कुळीथ फेका, शेवटच्या सकाळी डुकरांच्या पायांनीच बी मातीत दाबलं जातं. खड्डे दाताळ्याने सपाट करा. पाणी देता येत असेल तर तीन आठवड्यांत हिरवळ धरते, दुसऱ्या फेरीला तेच वेल चारा होतात. कच्ची खायची भाजी मात्र त्या जागी चार महिने लावू नका. मे संपता संपता रिकाम्या झालेल्या सगळ्या तुकड्यांवर पातेऱ्याचा (वाळलेल्या पानांचा) जाड थर पसरा आणि उताराच्या खालच्या अंगाला झावळ्यांचा बांध घाला, म्हणजे पहिल्या पावसात माती जागीच राहील.